शिकाऊ हातांविषयी

(संस्थेच्या वार्षिक सभेत पाबळ येथे शल्यचिकित्सा विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत आमच्या विभागाने वर्षभर केलेल्या कामाचा आढावा सादर करण्याचा प्रघात आहे. शस्त्रक्रियांचे तक्ते अहवालाच्या पुढील पानांवर छापले आहेत, ते आपण सवडीने पाहालच. आज तक्त्यांऐवजी दोन प्रश्नांची उत्तरे देण्याचे आम्ही योजिले आहे. दोन्ही प्रश्न याच वर्षात आम्हांला विचारले गेले. पहिला एका आजींनी विचारला, दुसरा आपल्यापैकीच एका विश्वस्तांनी. दोन्ही वेळी आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते आणि ते तसेच राहू देणे आम्हांला बरे वाटत नाही.

आजी कान्हूर मेसाईच्या बाजूच्या. त्यांच्या यजमानांच्या मोठ्या आतड्याला पीळ पडला होता. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, वय झालेले, त्यात दम्याचा त्रास. शस्त्रक्रियेनंतर अशा रुग्णास कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागण्याचा संभव असतो आणि ती सोय येथे नाही. म्हणून त्यांना पुण्यास ससून रुग्णालयात पाठविण्याचे ठरले. रुग्णवाहिकेत सलाइनची बाटली अडकवली जात असताना आजींनी आमचा हात धरला आणि विचारले, “तिथं म्हणं शिकाऊ पोरं कापत्यात. खरं का वो, डॉक्टर?”

आम्ही म्हणालो, “नाही हो आजी, मोठे डॉक्टर असतात तिथे.”

गाडी शिक्रापूरच्या दिशेने निघून गेली आणि आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. आपल्या रुग्णालयात शल्यचिकित्सा करणारे आम्ही तिघे. तिघेही एके काळी अशाच मोठ्या रुग्णालयांतील शिकाऊ पोरे होतो. आजींना दिलेले उत्तर पूर्ण खोटे नव्हते, पण ते खरेही नव्हते.

दुसरा प्रश्न खर्चाच्या बैठकीत आला. रात्रपाळीच्या डॉक्टरांसाठी स्वतंत्र विश्रांतीची खोली बांधण्याचा प्रस्ताव आम्ही ठेवला होता. त्यावर एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले की रुग्णांचे नातेवाईक व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपतात, मग लोकांनी रुग्णांसाठी दिलेल्या पैशांतून डॉक्टरांच्या झोपेची सोय कशासाठी? प्रश्न रास्त होता. आम्ही त्या वेळी नियमांचा हवाला दिला. खरे कारण सांगावयास थोडे धैर्य लागते, ते आज गोळा करून आलो आहोत.

शल्यचिकित्सक कसा घडतो, याची कल्पना बाहेरच्या माणसास सहसा नसते. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची आंतरवासिता संपली की मुलगा किंवा मुलगी एम.बी.बी.एस. होते. त्यानंतर देशभरातून एकच प्रवेशपरीक्षा देऊन ज्यांना जागा मिळते, ते पुढील तीन वर्षे वैद्यकीय महाविद्यालयास जोडलेल्या रुग्णालयात राहून शस्त्रक्रिया शिकतात. त्यांस निवासी डॉक्टर म्हणतात. विद्यापीठाच्या लेखी तो विद्यार्थी असतो, त्याला प्रबंध लिहावा लागतो, शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. शासनाच्या लेखी तो विद्यावेतनावर काम करणारा डॉक्टर असतो. आणि खाटेवरच्या माणसाच्या लेखी तोच ‘डॉक्टर’ असतो, कारण रात्री अडीच वाजता हाक मारल्यावर येणारा तोच. या तिन्ही गोष्टी एकाच चोवीस-पंचवीस वर्षांच्या देहात कोंबलेल्या असतात.

‘निवासी’ हा शब्द शोभेसाठी आलेला नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली सुरू झाले. तेथे विल्यम हाल्स्टेड या शल्यचिकित्सकाने ही पद्धत बसवली. शिकणाऱ्याने रुग्णालयातच राहावे, पायरीपायरीने अधिक जबाबदारी घ्यावी आणि शेवटी स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करावी, असा तिचा गाभा. त्यापूर्वी चांगल्या शल्यचिकित्सकाच्या हाताखाली जमेल तेवढे पाहावयाचे, एवढेच शिक्षण असे. शस्त्रक्रियागृहात रबरी हातमोजे रूढ करणारेही हेच हाल्स्टेड, आणि तेही प्रथम जंतू टाळण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या परिचारिकेचे हात जंतुनाशक द्रावणाने भाजत होते म्हणून. पुढे त्यांनी तिच्याशीच विवाह केला. मोठा माणूस होता. तथापि त्याच्या चरित्रातील एक गोष्ट आमच्या शिक्षकांनी आम्हांला कधी सांगितली नाही, ती पुढे वाचनात आली. भूल देण्यासाठी कोकेनचे प्रयोग स्वतःवर करता करता त्यास त्याचे व्यसन जडले आणि पुढे मॉर्फिनचेही. विश्रांतीची फारशी फिकीर न करणारी निवासी पद्धत ज्याने जगास दिली, त्याचे स्वतःचे शरीर अशा प्रकारे ओढले जात होते, हे आम्हांला सूचक वाटते. अर्थात यावरून पद्धत वाईट ठरत नाही.

आपल्याकडे या परंपरेची मुळे जुनी आहेत. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झाले. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ साली उघडले. त्याला जोडलेले बैरामजी जीजीभॉय वैद्यकीय महाविद्यालय १९४६ सालचे. त्याआधी त्याच नावाची वैद्यकीय शाळा होती. दोन्ही नावे दात्यांची आहेत, हे येथे बसलेल्या देणगीदारांनी अवश्य ध्यानात घ्यावे. पदवी पूर्वी पुणे विद्यापीठाची मिळे. १९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून राज्यातील या शिक्षणाची सूत्रे तेथे आहेत. शिरूर, खेड, आंबेगाव, दौंड या तालुक्यांतील गरिबांसाठी ससून म्हणजे शेवटचा दरवाजा. या सभेत असे घर विरळाच असेल, ज्यातील कोणी ना कोणी पुणे स्टेशनाजवळच्या त्या दगडी इमारतीच्या आवारात रात्र काढलेली नाही.

आम्ही तिघे नेमके कोठे शिकलो, ते आज सांगणार नाही. पुढे जी हकीकत येणार आहे ती कोणत्याही एका संस्थेच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. ती महाराष्ट्रात कोठेही घडू शकली असती.

मोठ्या रुग्णालयात शल्यचिकित्सा विभागाची पथके असतात, त्यांस युनिट म्हणतात. प्रत्येक युनिटचा आठवड्यातील एक दिवस तातडीच्या रुग्णांसाठी नेमलेला असतो. त्या दिवशी चोवीस तासांत जो जो येईल तो त्या युनिटचा. नगर रस्त्यावरचा अपघात, बैलाने शिंग खुपसलेला गडी, मळणी यंत्रात गेलेला हात, अपेंडिक्स फुटलेले शाळकरी पोर, सगळे एकामागून एक. दुसऱ्या दिवशी सकाळी युनिट प्रमुखांची फेरी असते, उरलेल्या शस्त्रक्रिया असतात, जखमा धुऊन पट्ट्या बदलायच्या असतात. काल सकाळी उठलेला प्रथम वर्षाचा निवासी आज संध्याकाळपर्यंत बिछाना पाहत नाही. पहिल्या वर्षी त्याच्या हाती शस्त्र फारसे येतच नाही. तो रक्ताचे नमुने काढतो, रक्तपेढीच्या खिडकीशी उभा राहतो, क्ष-किरण फोटो शोधून आणतो, कक्षसेवक नसेल तर स्वतः ट्रॉली ढकलतो. शस्त्रक्रियेत त्याचे काम जखमेच्या कडा आकड्यांनी ओढून धरण्याचे. दोन-दोन तास तो असा उभा असतो आणि बहुधा त्यास आतले काही दिसतही नाही, कारण शिक्षकाचे डोके मध्ये असते.

गाठी मारणे मात्र तो पहिल्या आठवड्यापासून शिकतो. आमच्या वसतिगृहात एकही खाट, एकही ड्रॉवरची मूठ अशी नव्हती जिला रेशमी दोऱ्याच्या शेपट्या लोंबत नव्हत्या. एका हाताने गाठ, दोन हातांनी गाठ, डोळे मिटून गाठ, ओल्या हातमोज्यांनी गाठ. चहा पिताना कपाच्या कानाला गाठ. हजारो गाठी मारल्यानंतर बोटांना ती उमजते आणि मग मेंदू दुसऱ्या कामास मोकळा होतो.

शस्त्रक्रिया उलट्या क्रमाने शिकवली जाते, ही बाब बाहेरच्यांना गमतीची वाटेल. प्रथम शेवट शिकवतात, म्हणजे कातडीचे टाके. ते जमले की स्नायूंवरील पडदा शिवणे. त्यानंतर सुरुवात, म्हणजे पोट उघडणे. मधला भाग, ज्यासाठी हा सारा खटाटोप, तो सर्वांत शेवटी हाती येतो. आधी गळू फोडणे, मग अंडवृद्धी, मग हर्निया, मग अपेंडिक्स. पोटाच्या बहुतेक शस्त्रक्रियांत मुख्य शल्यचिकित्सक रुग्णाच्या उजव्या बाजूस उभा राहतो आणि साहाय्यक डाव्या. एके दिवशी शिक्षक हात धुऊन येतात आणि काही न बोलता डावीकडे जाऊन उभे राहतात. तेव्हा त्या मुलास कळते की आज उजवी बाजू आपली आहे. तो क्षण आम्हां तिघांनाही आठवतो. त्या वेळची छातीतली धडधड, कपाळावरचा घाम, परिचारिकेने न मागता हातात दिलेली सुरी.

आणि येथे आजींच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग आहे. समोर उभे असलेले शिक्षक स्वस्थ नसतात. ते ऊती अशा ताणून धरतात की कापावयाची जागा आपोआप वर येते आणि चुकीच्या जागी सुरी नेणे शिकणाऱ्यास अवघड व्हावे. पाटीवर पोराचा हात धरून अक्षर गिरवून घेणाऱ्या बापासारखे ते असते. अक्षर पोराचे दिसते, वळण बापाचे असते. म्हणून, आजी, होय. शिकाऊ पोरे कापतात. परंतु समोर दुसरे दोन हात असतात. ते हात असले तर रुग्णास भय अल्प.

पाबळकरांना हाताने शिकणे म्हणजे काय, ते वेगळे सांगावयास नको. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली या गावात विज्ञान आश्रम सुरू केला, तो पुस्तकापेक्षा कामातून शिकवावे या विचाराने. तेथे मुलांनी जोडकाम केले, बांधकाम केले, येथे घडलेले घुमटाकार ‘पाबळ डोम’ दूरवर गेले. मुलाच्या हातून जोड कच्चा राहिला तर तो तोडून पुन्हा करता येतो, आणि तसा तो करावाच, त्यात शिक्षण आहे. आमच्या शिक्षणाची अडचण एवढीच की आमचा कच्चा जोड दुसऱ्याच्या पोटात असतो. अलीकडे कृत्रिम सांगाडे, संगणकावरील सराव, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी पेट्या निघाल्या आहेत आणि त्यांचा उपयोग निःसंशय आहे. परंतु कोठल्या तरी रात्री कोठल्या तरी जिवंत माणसावर पहिला हात पडतोच. तो माणूस बहुतेक वेळा गरीब असतो, कारण ज्याच्यापाशी पैसे आहेत तो खासगी रुग्णालयात शिकून तयार झालेल्या हातांकडे जातो. ते हात ज्यांच्यावर शिकले, ती माणसे सरकारी रुग्णालयात येऊन गेलेली असतात. हा हिशेब उघडपणे कोणी मांडीत नाही. आम्हीही बरीच वर्षे मांडला नाही.

आता ती हकीकत. ती आम्हां तिघांपैकी एकाची आहे. कोणाची, ते न सांगण्याचे आम्ही आपापसांत ठरवले आहे, कारण उरलेल्या दोघांच्याही पोतडीत तिच्या भावंडगोष्टी आहेत. दुसऱ्या वर्षाचा निवासी, तातडीचा दिवस, पहाटेचे साधारण तीन. सलग जागरणाचा तिसावा तास असावा. साठीचे एक शेतकरी पोटदुखी घेऊन आले. गुडघ्यांच्या दुखण्यासाठी ते कित्येक महिने दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खात होते. अशा गोळ्यांनी जठर किंवा त्यापुढील आतड्याचा आरंभीचा भाग यांस व्रण होऊन छिद्र पडू शकते. तसे झाल्यास पोट लाकडासारखे कठीण होते आणि उभे करून घेतलेल्या क्ष-किरण फोटोत पोट व छाती यांमधील पडद्याखाली हवेची काळी कोर दिसते. हे पुस्तकात पहिल्या पानांवर असते, आम्हांला पाठ होते. पण वृद्ध माणसाचे पोट कित्येकदा तेवढे कठीण होत नाही. आणि त्यांना उभे राहवेना म्हणून फोटो आडवे निजवून काढला गेला. त्यात कोर दिसली नाही. निवासी डॉक्टरने कागदावर ‘निरीक्षणाखाली ठेवावे’ असे लिहिले आणि तो पुढच्या रुग्णाकडे वळला.

एक शंका त्याच्या मनात आली होती. कुशीवर वळवून पुन्हा फोटो काढता आला असता. वरिष्ठांना फोन करता आला असता. वरिष्ठ दोन मोठ्या शस्त्रक्रिया आटोपून तासाभरापूर्वीच आडवे झाले होते. मागच्याच आठवड्यात एका साध्या गोष्टीसाठी उठवल्याबद्दल दुसऱ्या कोणास बोलणी बसली होती. आणि एवढेही आपल्याला कळू नये काय, असा अहंकारही होता. फोन केला नाही.

सकाळच्या फेरीत वरिष्ठांनी त्यांच्या पोटावर हात ठेवला आणि तासाभरात रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. छिद्र होते. पोटातील चरबीच्या पदराचा तुकडा त्यावर ठेवून ते बंद केले, पोट धुतले. चौथ्या दिवशी सर्वांगात जंतुदोष पसरून ते गेले. छिद्र रात्री कळले असते तर ते वाचले असते असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, आल्या वेळीच उशीर झाला होता. मात्र ते पाच तास त्यांचे होते आणि ते आमच्या हातून गेले.

त्यांच्या मुलाने जाताना आमच्या पायांना हात लावला. “तुम्ही लई केलंत,” असे तो म्हणाला. आम्ही त्याला सांगितले, “आजार फार पुढे गेला होता.” ते खरे होते. रात्रीचे मात्र काही सांगितले नाही. मृत्यूंचा आढावा घेणारी विभागाची सभा झाली तेव्हा प्रमुखांनी एकच विचारले, “फोन का नाही केलास?” उत्तर ऐकून ते काही वेळ गप्प राहिले. मग सर्वांना उद्देशून म्हणाले की यापुढे मला उठवले म्हणून कोणास कोणी रागावणार नाही, न उठवल्याबद्दल मात्र जाब द्यावा लागेल. ज्याच्या हातून चूक घडली तो त्या दिवशी रडला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेला. विभागाने त्यातून धडा घेतला, रात्रीचे फोन वाढले. त्या मुलास मात्र अद्याप कोणी खरे सांगितलेले नाही. त्याचा पत्ता आज आमच्यापाशी नाही.

विश्वस्त महोदयांच्या प्रश्नाचे उत्तर या हकीकतीत आहे. तीस तास जागा असलेला माणूस चूक करतो, त्यात त्याच्या हुशारीचा संबंध नाही. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली एका तरुणीचा मृत्यू झाला. थकलेल्या निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर त्यातून मोठा वाद उठला, त्या राज्यात १९८९ पासून मर्यादा आली आणि २००३ साली सबंध अमेरिकेत आठवड्यास ८० तासांची मर्यादा ठरली. आपल्याकडे केंद्र शासनाच्या १९९२ सालच्या निवासी डॉक्टर योजनेत सलग बारा तासांहून अधिक काम सहसा नसावे असे म्हटले होते. आम्ही शिकत असताना हा कागद कोणी पाहिल्याचे आठवत नाही. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्यास ७४ तासांहून अधिक काम नसावे आणि एक दिवस सुटी असावी, अशी शिफारस केली. ७४ तास म्हणजेही थोडे नव्हेत, पण निदान संख्या लिहिली गेली. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात कोलकात्यात रात्रपाळीवरील एका निवासी डॉक्टर भगिनीवर जो अत्याचार होऊन तिची हत्या झाली, त्यानंतर विश्रांतीची सुरक्षित जागा हा विषय देशभर बोलला गेला. निवासी डॉक्टरांची ‘मार्ड’ ही संघटना संपावर जाते तेव्हा रुग्णांचे हाल होतात आणि आपण संतापता, तेही आम्ही समजू शकतो. मात्र त्यांच्या मागण्यांत वेतनाबरोबर वसतिगृहाची खोली आणि सुरक्षितता अनेकदा असते, एवढे नोंदवून पुढे जातो.

तेव्हा ती खोली बांधावी, ही विनंती आम्ही पुन्हा करीत आहोत. ती डॉक्टरांच्या सुखासाठी मागितलेली नाही. तेथे झोपलेल्या डॉक्टरकडे पहाटे तीन वाजता आपल्यापैकी कोणाचे तरी वडील येणार आहेत. नातेवाइकांच्या व्हरांड्यालाही दारे आणि पंखे हवेत, हे विश्वस्तांचे म्हणणे आम्हांला संपूर्ण मान्य आहे. दोन्हींत निवड करावी लागलीच तर व्हरांडा आधी करावा. पण दुसरे काम सोडू नये.

संमतीविषयी थोडे अधिक बोलावयाचे आहे. महात्मा गांधी १९२४ साली येरवड्याच्या तुरुंगात होते. जानेवारीत त्यांना अपेंडिक्सचा विकार झाला व त्यांना ससूनमध्ये हलवले. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. बाहेर वादळ होते, मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. कंदिलाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. आम्हांला त्याआधीची अधिक मोलाची वाटते. कैद्याचा जीव गेला असता तर देश पेटला असता, म्हणून सरकारने काळजी घेतली. श्रीनिवास शास्त्री यांना बोलावणे गेले, शस्त्रक्रियेस संमती असल्याचे निवेदन तयार करण्यात आले आणि त्यावर गांधीजींनी स्वतः सही केली. ते सरकारचे बंदी होते, तरी त्यांना विचारले गेले. त्यानंतर शंभर वर्षे लोटली. मोकळ्या माणसास, आपल्या गावच्या शेतकऱ्यास, इंग्रजी मजकुराच्या छापील कागदावर अंगठा उठवण्यास सांगितल्याचे आम्ही स्वतः कित्येकदा पाहिले, आणि लपवून काय करावयाचे, आम्ही स्वतः तसा उठवून घेतला. “येथे अंगठा करा, लवकर.” कशावर, ते सांगावयास वेळ नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात संमती म्हणजे काय ते स्पष्ट केले. उपचार काय, त्याचे धोके कोणते, दुसरा मार्ग आहे काय आणि उपचार न केल्यास काय होईल, हे रुग्णास समजेल असे सांगून मिळवलेली संमती तीच खरी.

या वर्षापासून आपल्या रुग्णालयात संमतीपत्र मराठीत आहे आणि ते वाचून दाखवल्यावाचून सही घ्यावयाची नाही, असा आम्ही नियम केला आहे. कोण शस्त्रक्रिया करणार, त्याचे नाव त्यात लिहिले जाते. साहाय्यक नवा असेल तर तेही सांगितले जाते. प्रथम आम्हांला भीती होती की हे ऐकून लोक उठून जातील. आतापर्यंत कोणी उठून गेले नाही. एका गृहस्थांनी मात्र विचारले, “मग तुम्ही समोर उभं राहणार ना?” याहून नेमका प्रश्न आम्हांला परीक्षेतही कोणी विचारला नव्हता. पुण्यास रुग्ण पाठवताना आता आमच्यापैकी एकजण तेथील निवासी डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलतो, कोणती औषधे दिली आणि कोणत्या वेळी, ते चिठ्ठीत लिहितो. पलीकडे चिठ्ठी वाचणारा किती थकलेला असतो, ते आम्हांला ठाऊक आहे. २०२० साली झालेल्या नियमानुसार पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयांत काम करावे लागते. त्यामुळे रुग्ण मोठ्या रुग्णालयाच्या दारात पोहोचण्याआधी त्याचे काय काय झालेले असते, ते तरी त्यांच्या दृष्टीस पडते. आमच्या वेळी तसे नव्हते. ‘खेड्यातल्या डॉक्टरने वेळ घालवला’ असे आम्ही सर्रास म्हणत असू. आज त्या खेड्यातील डॉक्टर आम्ही आहोत.

रुग्णांच्या नातेवाइकांना एक हात जोडून विनंती. मोठ्या रुग्णालयात आपला माणूस दगावला की हात उगारला जातो आणि तो समोर असलेल्या पोरावर पडतो. डॉक्टरांवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० साली कायदा झाला, परंतु कायद्याने मार खाल्लेल्या मुलाची भीती जात नाही. घाबरलेला डॉक्टर शंका बोलून दाखवत नाही, आणि न बोललेल्या शंकेचे काय होते ते आम्ही आताच सांगितले. हात उगारण्याऐवजी विचारा. कोणी तपासले, वरिष्ठांना कळवले काय, किती वाजता कळवले, हे विचारण्याचा आपला अधिकार आहे. उत्तर मिळाले नाही तर लेखी मागा.

कान्हूरच्या आजोबांचे काय झाले, ते सांगून थांबतो. ते बरे झाले. पीळ पडलेला आतड्याचा भाग काढावा लागला, काही दिवस यंत्रावर राहिले, पण घरी आले. टाके काढण्यासाठी पुण्यास जाणे नको म्हणून आजी त्यांना घेऊन येथे आल्या. बरोबर रुग्णालयातून मिळालेला कागद होता. त्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्यांची दोन नावे होती, एक प्राध्यापकांचे आणि दुसरे निवासी डॉक्टरचे. अक्षर दुसऱ्याचेच असावे, घाईचे पण वाचता येण्याजोगे.

आजींनी विचारले, “टाकं कुणी घातल्यात म्हणायचं?”

या वेळी आम्ही कागद नीट वाचला आणि सांगितले, “आजी, शिकाऊ डॉक्टरने घातले असणार. मोठे डॉक्टर समोर उभे होते.”

त्यांनी वाकून जखमेकडे बराच वेळ पाहिले. टाके एका रेषेत, सारख्या अंतरावर होते. “गोधडीवाणी घातल्यात,” त्या म्हणाल्या आणि पदराने आजोबांचे कपाळ पुसू लागल्या. आम्ही त्या दिवशी एकाआड एक टाके काढले आणि उरलेले काढण्यासाठी दोन दिवसांनी बोलावले.